नोंद ठेवणाऱ्यांच्या बाजूने

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा. पृथ्वीजवळून घातक वैश्विक किरण जाणार आहेत. सिंगापूर टीव्हीवर बातमी आली आहे. सर्वांना कळवा.’

हा मजकूर कित्येक वर्षं सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. थोडा विसरला जातो, पुन्हा कुणीतरी उकरून काढतं. तो पुढे पाठवणाऱ्या काका-मावश्यांना मी दोष देत नाही, त्यांना आपल्या माणसांची काळजी असते. पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या ग्रुपवर तो आला की मला मनापासून राग येतो. सूर्याकडून काय येतं आणि त्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात काय उलथापालथ होते, हे अहोरात्र मोजणारी देशातली प्रमुख संस्था याच लोकांच्या शेजारी आहे. नवीन पनवेल, सेक्टर 18, कळंबोलीच्या महामार्गालगत. रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांची वाट. तिच्या फाटकावरून रोज जाणाऱ्यांनाही आत काय चालतं ते ठाऊक नसतं.

संस्थेचं नाव भारतीय भूचुंबकत्व संस्था. 1971 पासून स्वायत्त, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत. अलिबाग, नागपूर, जयपूर, शिलाँग, तिरुनेलवेली, पोर्ट ब्लेअर अशा ठिकाणी तिच्या वेधशाळा आहेत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात तिचं केंद्र आहे, अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळांवर तिची उपकरणं चालतात. पण तिची खरी श्रीमंती एका जुन्या वहीत आहे, आणि ती वही मुंबईत लिहिली गेली.

1859 सालची गोष्ट. 1 सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोल निरीक्षक सूर्यावरच्या डागांची चित्रं काढत होता. डागांच्या गर्दीत त्याला अचानक पांढऱ्या प्रकाशाचे दोन लखलखीत ठिपके दिसले आणि काही मिनिटांत विझले. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चुंबकीय वादळ आदळलं. क्यूबापर्यंत दक्षिणेला आकाश लाल झालं. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या वादळाने तारांत आलेल्या प्रवाहावर एकमेकांना संदेश पाठवले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत छायाचित्राच्या कागदावर नोंद घेणारं यंत्र होतं, पण वादळ एवढं मोठं की रेष कागदाबाहेर गेली. नेमकी शिखराची नोंद हातून निसटली.

मुंबईत ती निसटली नाही.

कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा छायाचित्राचं यंत्रच नव्हतं. दोन धाग्यांवर टांगलेली चुंबकाची पट्टी, तिला चिकटवलेला आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. माणूस दुर्बिणीला डोळा लावून आरशातला आकडा वाचणार आणि वहीत लिहिणार. दर तासाला. दिवसा, रात्री, पावसात, सणावारी. चुंबक अस्वस्थ झाला तर तासाची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी, फारच बिथरला तर दर पाच मिनिटांनी. असा नियमच होता. 2 सप्टेंबरच्या सकाळी मोजपट्टीवरचा आकडा भराभर घसरायला लागला, तेव्हा कुलाब्यातल्या त्या सहायकाने नियम पाळला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक मुंबईत साधारण 38 हजार नॅनोटेस्ला असतो. तो त्या सकाळी सुमारे 1600 ने उतरला. क्षेत्राचा चार टक्के भाग काही वेळापुरता हरवला आणि पुन्हा परतू लागला. आकडे वहीत बसले, वही कपाटात बसली.

सूर्यावर काय झालं हे कुलाब्यातल्या माणसाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. आपण काय टिपतोय याचा मोठेपणा त्याला कुणी सांगितला नसणार. त्याला पगार मिळत होता तो डोळा आणि हात चालवण्याचा. त्याने दोन्ही चालवले.

ती वही कामाला आली 144 वर्षांनी. 2003 साली अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोंझालेझ आणि आपल्या भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी कुलाब्याचे ते आकडे घेऊन 1859 च्या वादळाची ताकद काढली. तोवर हे वादळ तारयंत्राच्या आणि लाल आकाशाच्या कहाण्यांमधूनच ओळखलं जायचं. या शोधनिबंधाने त्याला आकडा दिला. त्या आकड्यावर जगभर वाद झाले, अजून होतात. घसरण एवढी तीव्र आणि एवढी थोडा वेळ का टिकली, तासाची सरासरी काढली तर वादळ किती उरतं, त्यात नेमक्या कुठल्या प्रवाहाचा वाटा, यावर निबंधामागून निबंध आले. व्हायलाच हवेत. पण भांडणारे सगळे ज्या कागदावर बोट ठेवून भांडतात, तो कागद मुंबईचा आहे.

आणि मुंबईचाच का, यालाही कारण आहे. सूर्याकडून आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय विळख्यात अडकले की विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती एक मोठा गोलाकार प्रवाह वाहू लागतो. त्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असतं, म्हणून जमिनीवरचा आकडा उतरतो. ध्रुवांजवळच्या वेधशाळांना ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहांचा गोंगाट ऐकावा लागतो. तिरुनेलवेलीसारख्या दक्षिणेकडच्या ठिकाणी डोक्यावर विषुववृत्तीय प्रवाहाचा वेगळा पट्टा असतो. कुलाबा आणि अलिबाग या दोहोंच्या मधोमध पडतात. इथे वादळाचा आकडा बराच स्वच्छ मिळतो. कोकण किनाऱ्याने विज्ञानाला दिलेली ही देणगी आपल्या पाठ्यपुस्तकात ठळक असायला हवी होती.

आता ट्रामकडे येतो, कारण हा सगळा लेख मला तिच्यासाठीच लिहायचा होता.

कुलाब्यात चुंबकाचे वेध 1841 पासून सुरू झाले. शतक संपता संपता मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याची चर्चा पक्की झाली. विजेची ट्राम म्हणजे जमिनीतून फिरणारा प्रवाह, आणि प्रवाह म्हणजे चुंबकाला चकवा. कुलाब्याचे वेध निरुपयोगी होणार होते. वेधशाळेचे संचालक तेव्हा होते डॉ. नानाभाई मूस, 1896 पासून त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. ट्राम येऊ नये असा हट्ट त्यांनी धरला नाही. ट्राम येईपर्यंत ते गप्पही राहिले नाहीत. खाडीपलीकडे, कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबागला समुद्राजवळ नवी वेधशाळा उभी केली. बांधकामात लोखंड नाही. दगड पोरबंदरचा, चुंबकाशी काही देणंघेणं नसलेला. जिथे खिळा-बिजागरी लागते तिथे तांबं-पितळ. आत तापमान स्थिर राहावं म्हणून भिंतीच्या आत भिंत.

1904 साली अलिबाग सुरू झालं. पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले. का? कारण जागा बदलली की आकडा बदलतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही. जोड नीट बसला नाही तर कुलाब्यातली साठ वर्षं वेगळी पडतात आणि अलिबागची वर्षं शून्यापासून सुरू होतात. मूस यांनी जोड बसवला. 7 मे 1907 ला मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा चुंबक सुखरूप अलिबागला पोचलेला होता. 1910 साली मूस यांनी 1846 ते 1905 या काळातल्या कुलाब्याच्या वेधांचे दोन जाडजूड खंड छापून जगापुढे ठेवले.

शहर वाढवायचं आणि विज्ञानही वाचवायचं, दोन्ही एकाच वेळी जमतं, याचा हा नमुना आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच किनाऱ्यावर उभा आहे. आधी पर्याय, मग मोजणीची जोडणी, मग ट्राम. क्रम नीट पाहा. आज आमच्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी भराव पडतो, मग पक्षी मरतात, मग समिती बसते.

नेरूळच्या डीपीएस तलावाचं असंच झालं. भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडली. 2024 च्या एप्रिलपासून तिथे फ्लेमिंगो मरून पडू लागले. मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत 39 फ्लेमिंगो गेले. हे सगळं होण्याआधीच, 2022 मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संशोधकांनी ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावलेली होती. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात चरतात, भरती आली की पाणथळ जागांवर विसाव्याला येतात, हे ज्ञान हाताशी होतं. खाडी राखीव आणि तलाव बिल्डरच्या नकाशात, असा व्यवहार पक्ष्यांना चालत नाही. नोंद सांगत होती, ऐकायला कुणी नव्हतं.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतो. विचारणारा बहुतेकदा हातात फोन धरून, त्यातला नकाशा पाहत आलेला असतो. त्याला सरळ उत्तर देतो.

13 मार्च 1989 ला अशाच एका चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांताची वीज गेली. साठ लाख माणसं नऊ तास अंधारात. फेब्रुवारी 2022 मध्ये स्पेसएक्सने 49 स्टारलिंक उपग्रह सोडले. वादळ अगदी किरकोळ होतं, पण त्याने वातावरणाचा वरचा थर तापून फुगला, उपग्रहांना घर्षण वाढलं आणि जवळपास चाळीस उपग्रह गमावले गेले. 10 आणि 11 मे 2024 ला गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ आलं. लडाखमधल्या हानले इथून आकाशात तांबडी झळाळी टिपली गेली. त्या वादळाचा जागतिक आकडा चारशे नॅनोटेस्लाच्या पुढे होता. कुलाब्याच्या वहीतला 1600 आठवा. दोन आकडे मोजायची रीत वेगळी आहे, त्यामुळे थेट भागाकार करू नका, पण मोठं वादळ किती मोठं असू शकतं याचा अंदाज तेवढ्यानेही येतो.

मुंबईला क्यूबेकइतका धोका नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, वीजवाहिन्यांत घुसणारे प्रवाह ध्रुवांकडे जास्त जोर धरतात. हे स्पष्ट सांगायलाच हवं, कारण भीती विकणारे यातलं निम्मंच सांगतात. आपल्याला फटका बसेल तो उपग्रहांकडून. दिशादर्शन चुकेल, विमानांचा रेडिओ संपर्क बिघडेल, बँकांची आणि मोबाईल टॉवरची उपग्रहावर लावलेली घड्याळं अडचणीत येतील. विमानतळ, बंदर, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातली डेटा सेंटरं, हे सगळं एका महापालिकेच्या आणि तिच्या शेजाऱ्यांच्या हद्दीत असलेलं नवी मुंबईसारखं शहर या धोक्याकडे पाठ फिरवू शकत नाही. आदित्य-एल1 हे आपलं यान 2 सप्टेंबर 2023 ला निघालं, म्हणजे कुलाब्यातल्या त्या सकाळनंतर बरोबर 164 वर्षांनी. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर उभं राहून ते सूर्यवारा मोजतं. तिथून मिळालेला इशारा जमिनीवर तासाभराच्या आतबाहेर खरा होतो. तो खरा झाला की नाही, हे सांगणार अलिबाग.

आदित्य ठरलेल्या जागी पोचलं 6 जानेवारी 2024 ला. महाराष्ट्रात 6 जानेवारी हा पत्रकार दिन. 1832 साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. दरवर्षी आम्ही पत्रकार त्यांच्या तसबिरीला हार घालतो, भाषणं करतो. याच बाळशास्त्रींकडे काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभार होता, हे त्या भाषणांत येत नाही. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे त्याच वेधशाळेत तरुणपणी नोकरीला होते. अलिबागजवळच्या नागावचे हे केरूनाना. वेध घेता घेता गणित आणि ज्योतिष पक्कं केलं आणि पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिलं. मराठी पत्रकारिता आणि मराठी विज्ञान एका वेधशाळेच्या जिन्यावर भेटलेले आहेत. पहिलीचा सोहळा होतो आणि दुसऱ्याची आठवणही निघत नाही, ही आम्हा लिहिणाऱ्यांची चूक आहे.

नोंदीच्या शिस्तीचं खारघरचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथल्या कामाला टाळ्या मिळाल्या. 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते भारतात विकसित झालेली कार-टी पेशी उपचारपद्धती जाहीर झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांचं हे काम. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. परदेशात हा उपचार काही कोटींत जातो, इथे सुमारे दहाव्या भागात. पहिल्या रुग्णाला तो मिळाला टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात, जून 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या शेवटी.

छान झालं. टाळ्या हव्यातच. पण पेशी शरीराबाहेर जगवायच्या, वाढवायच्या, त्यांचं वागणं दिवसेंदिवस लिहून ठेवायचं, ही शिस्त काही 2021 मध्ये उगवली नाही. ॲक्ट्रेकची मुळं परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात आहेत, ते 1952 चं. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी साठच्या दशकात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. त्याच कमलताईंनी 1973 साली भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली, जिचं मुख्यालय आज वाशीत आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवणारी संघटना. मूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न सुटल्याशिवाय बाई संध्याकाळचं वाचन घ्यायला प्रयोगशाळेत थांबू शकत नाही, हे त्यांना कळत होतं. संशोधन टिकवायचं तर माणसं टिकवावी लागतात, आणि माणसं टिकवण्याचा खर्च कुठल्याही शोधनिबंधात दिसत नाही.

हा खर्च करायला आपण तयार आहोत का? देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून अधिक. आमच्याकडे पैसा येतो तो नव्या इमारतीला, नव्या फलकाला, उद्घाटनाला. दर तासाला आकडा वाचणाऱ्या माणसाच्या पदाला येत नाही. वेधशाळेतल्या निरीक्षकाचं पद रिकामं राहिलं तर बातमी होत नाही, मोर्चा निघत नाही. नुसती मालिकेत एक फट पडते. आणि ती फट पैसे ओतून नंतर भरता येत नाही, कारण तो दिवस पुन्हा येत नाही. रस्त्यावरचा खड्डा बुजवता येतो, 2 सप्टेंबरची सकाळ पुन्हा मोजता येत नाही.

अलिबाग आता बदलतंय. बंगले, रिसॉर्ट, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, रो-रो बोट, रुंद रस्ते, विरार-अलिबाग मार्गिकेचे आराखडे. हे थांबावं असं मी म्हणत नाही. स्थानिक पोरांना रोजगार हवाय आणि मुंबईला जायला बरा रस्ताही हवाय. पण चुंबकाचे वेध घेणारा माणूस आजही मोजणीच्या खोलीत जाण्याआधी खिशातल्या किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, पट्ट्याचं बक्कल बाहेर काढून ठेवतो. एक किल्ली ज्याला खुपते, त्याच्या भिंतीलगत उद्या काय उभं राहणार, कुठली विजेची लाइन जाणार, हे ठरवताना त्याला विचारणं हे साधं सौजन्य आहे. मूस यांच्या काळात सरकार परकं होतं, तरी विचारलं गेलं.

म्हणून रायगडच्या आणि नवी मुंबईच्या वाचकांकडे एक मागणं आहे. आपल्या भागातल्या शाळेला भूचुंबकत्व संस्थेत आणि अलिबागला मुलं न्यायला सांगा. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन त्यासाठी चांगला मुहूर्त आहे. आणि मत मागायला जो कुणी दारात येईल, आमदार असो, खासदार असो, नगरसेवक असो, त्याला एकच विचारा: अलिबागच्या वेधशाळेभोवती लोखंड आणि विजेच्या रेल्वेपासून किती अंतर राखायचं, हे विकास आराखड्यात लिहिलंय का? नुसत्या ‘बघतो’वर सोडू नका. उत्तर लेखी मागा.